चिठ्ठीवर दोन आकडे आहेत

पत्र असं आलं आहे:

"काका, मी चोवीस वर्षांचा. सोलापुरात पूर्व भागात राहतो. वडील यंत्रमागावर टॉवेलचं काम करतात, आई विड्या वळते. सहा वर्षं अण्णांच्या गॅरेजात काम शिकतोय. माझी यामाहा आरएक्स हंड्रेड त्यांनी ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ छोट्या पट्ट्यावरच्या शर्यतीसाठी, बनवून दिली, मजुरीचा रुपया घेतला नाही. बायपासवर पहाटे सराव करायचो, पोरं हात खाली करून स्टार्ट द्यायची. गेल्या हिवाळ्यात चेन्नईकडच्या मोठ्या स्पर्धेला गेलो. आईने भिशी उचलून पैसे दिले. अण्णांना गॅरेज सोडून येता आलं नाही, पण निघताना कार्ब्युरेटरचे दोन मोठे जेट कागदात गुंडाळून दिले. बरोबर मावसभाऊ होता, त्याला यातलं काही कळत नाही. सरावाची धाव चांगली गेली. खऱ्या फेरीत हिरवा लागायच्या आत सुटलो. लाल दिवा. बाद. त्या रात्री पोरांचा फोन आला आणि तोंडातून निघून गेलं, 'जेट बारीक पडला बे, पिस्टन जाम झाला.' परत आलो तर कट्ट्यावर तेच सगळ्यांच्या तोंडी. दोघांनी आपल्या गाड्या अण्णांकडून काढून दुसरीकडे नेल्या. अण्णांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. गाडी रेल्वेतून सोडवून आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी हेड उघडलं, बघितलं, परत बसवलं आणि कामाला लागले. आता कट्ट्यावर जुने लोक आपापल्या पहिल्या स्पर्धेच्या गोष्टी सांगतात आणि म्हणतात, तुझी सांग. मी तीच खोटी गोष्ट सांगतो. टायमिंगची चिठ्ठी अजून पाकिटात आहे. आरटी उणे ०.०८७ आणि ईटी सरावापेक्षा ०.३२ सेकंदाने कमी. अण्णांना सांगू का? सहा वर्षांचं नातं तुटेल अशी भीती वाटते. आणि पुन्हा स्पर्धेला जाऊ, की हा नाद सोडू?"

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्या चिठ्ठीच्या वाक्यापाशी थांबलो, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

गॅरेजात सहा वर्षं काढलेल्या पोराला हे माहीत असणार, तरी नीट लिहितो. ड्रॅगमध्ये दोन घड्याळं चालतात. हिरवा दिवा लागल्यापासून तुझं पुढचं चाक बीममधून, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशाच्या किरणातून, बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजे आरटी, रिॲक्शन टाइम. तो बहुतेक स्वाराचा: तुझे डोळे, तुझा क्लच, तुझा धीर. ईटीचं, म्हणजे धावेच्या वेळेचं, घड्याळ मात्र चाक बीममधून हललं की सुरू होतं आणि शेवटच्या रेषेवर थांबतं. दिवा तेव्हा हिरवा होता की लाल, याच्याशी ईटीला काही देणंघेणं नाही. म्हणून तर चांगली ईटी मारूनही माणूस हरतो आणि कमी ताकदीची गाडी घेऊन नुसत्या सुटण्यावर कुणी फेरी काढतो.

आता तुझी चिठ्ठी वाच. आरटी उणे आहे, म्हणजे हिरव्याच्या आधी नव्वद हजारांश सेकंदही पुरते भरत नाहीत इतका तू लवकर सुटलास. ती चूक तुझी. ईटी सरावापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश सेकंदाने कमी आहे. इतक्या छोट्या अंतरात एवढा फरक म्हणजे कितीतरी गाड्यांचं अंतर. पिस्टन जाम झालेली गाडी असं धावत नाही. अण्णांचं इंजिन त्या दिवशी आधीच्यापेक्षा सरस पळालं आणि त्याचा छापील पुरावा तू पाकिटात घेऊन फिरतो आहेस.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. तू खोटं बोललास ते 'जेट बारीक पडला' असं, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक लहान पडलं आणि इंजिनाला पेट्रोल कमी मिळालं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. चेन्नई समुद्राला लागून. तिथली हवा आपल्यापेक्षा सुमारे पाच टक्के दाट. हवा दाट झाली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण पातळ होतं, टू-स्ट्रोक तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलेंडरला धरतो. पूर्ण थ्रॉटलवर हे व्हायला फार वेळ लागत नाही. अण्णांनी कागदात गुंडाळून दिलेले ते दोन मोठे जेट नेमके यासाठी होते. जी गोष्ट होऊ नये म्हणून त्या माणसाने तुझ्या हातात उपाय दिला, तीच गोष्ट त्यांच्या हातून झाली असं तू गावाला सांगितलंस. दुसरं कुठलंही खोटं एवढं लागलं नसतं.

तू विचारतोस, अण्णांना सांगू का. मित्रा, मला वाटतं अण्णांना कळलेलं आहे.

त्यांनी हेड उघडलं. टू-स्ट्रोकचं हेड काढलं आणि किक हाताने दाबून पिस्टन खाली नेला की सिलेंडरची भिंत डोळ्यांसमोर असते. पिस्टन धरला असता तर त्या भिंतीवर उभे ओरखडे असते, ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं. प्लग काढला असेल तर तोही बोलतो. मिश्रण पातळ असेल तर पांढराफटक, बरोबर असेल तर बदामी. अण्णांना तिथे स्वच्छ भिंत आणि बदामी प्लग दिसला असणार. तू लिहितोस, 'बघितलं, परत बसवलं आणि कामाला लागले.' हे वाक्य तू सहज लिहिलंस, पण त्यात काय घडलं ते बघ. आपल्या कामात खोट नाही हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. ज्याला सहा वर्षं शिकवलं तो खोटं बोलला हेही त्याच पाच मिनिटांत कळलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. गाड्या काढून नेणाऱ्या पोरांना हेड उघडून दाखवणं त्यांना सहज जमलं असतं. नाही दाखवलं, कारण दाखवलं असतं तर तू उघडा पडला असतास.

तेव्हा नातं तुटेल ही भीती थोडी बाजूला ठेव. नात्यावर जे व्हायचं होतं ते त्या दुसऱ्या दिवशीच होऊन गेलं आणि त्यांनी ते एकट्याने सोसलं. सांगायचं ते त्यांना बातमी द्यायला नाही. इतके महिने ते एकटे ओझं वाहत आहेत, त्याला आता तू खांदा द्यायचास.

कसं सांगायचं, तेही लिहितो. संध्याकाळी शटर अर्धं खाली आल्यावर, बाकीची पोरं गेल्यावर. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दे आणि म्हण, 'अण्णा, लाल दिवा माझा होता. गाडीला काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो.' एवढंच. दमलो होतो, रात्र झाली होती, पोरांनी विचारलं म्हणून निघून गेलं, ही कारणं आधी सांगू नकोस. ती खरी असतील, पण कारणं सांगू लागलास की समजून घेण्याचं काम तू त्यांच्यावर टाकतोस. लगेच वाकून पायाला हात लावून विषय मिटवायचाही नाही. त्यांना रागवायचं असेल तर रागवू दे. गप्प बसले तर तूही गप्प बस, तिथेच थांब, पाना-पक्कड आवर. चार दिवस बोलले नाहीत तरी पाचव्या दिवशी वेळेवर गॅरेज उघडायला जा.

मग कट्टा. जिथे खोटं पसरलं तिथेच खरं सांगावं लागतं, आणि ते सगळ्यांसमोर. पण त्या दोघांना त्याआधी वेगळं भेट. त्यांनी गाड्या तुझ्या शब्दावर हलवल्या. त्या परत आणायच्या की नाही हे त्यांनी ठरवावं, मात्र तुझा शब्द खोटा होता हे त्यांना तुझ्या तोंडून कळलं पाहिजे.

तू म्हणतोस, कट्ट्यावर सगळे पहिल्या स्पर्धेच्या गोष्टी सांगतात आणि तुला वाटतं, तुझ्याकडे सांगायला खरं काही नाही. इथे मात्र तुझी गफलत होते आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं मी अशा गोष्टी ऐकत आलोय. एमआयडीसीत लेथवर काम करणारा माझा एक मित्र दर गड्ड्याच्या जत्रेला, होम मैदानावर मौत का कुआँचा आवाज सुरू झाला की, तीच गोष्ट सांगतो. पहिली मोठी स्पर्धा, दिव्यांसमोर गाडी लावली आणि क्लचची केबल तुटली. गाडी ढकलत बाहेर आला. शर्यत पळालाच नाही! पण ती केबल हातात कशी आली, बोटाला तार कशी टोचली, शेजारच्या लेनमधला पोरगा एकटाच कसा धावत गेला, हे तो असं सांगतो की ऐकणाऱ्याचा हात आपोआप क्लचकडे जातो. एक बाई आहेत, आज शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना पहिल्या फेरीतलं आठवतं ते एवढंच, की श्वासाने व्हायझर धुकटला आणि निवेदकाने आडनाव चुकीचं उच्चारलं. निकाल काय लागला हे मला कधी कळलंच नाही, मीही विचारलं नाही. आणि पहिल्याच स्पर्धेत पहिला आलेला एक जण आहे. त्याची गोष्ट दोन वाक्यांत संपते.

माझीही सांगतो. १९९२ साली मी तुझ्याच वयाचा होतो आणि माझ्याकडेही आरएक्स हंड्रेड होती, अजून जुनी न झालेली. दक्षिणेतल्या एका जुन्या धावपट्टीवर स्पर्धा होती. गाडी रेल्वेच्या पार्सल डब्यात टाकली. टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून उतरल्यावर पंपापर्यंत गाडी ढकलत नेली, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. भाषा येत नव्हती. मग शेजारच्या मंडपातला एक मेकॅनिक कुणाशी तरी तेलुगूत बोलताना ऐकला. पूर्व भागात वाढलेल्या पोराला तेलुगू ऐकली की घर आठवतं, हे तुला सांगायला नको. मी जाऊन बोललो. त्याने मला दहीभात दिला, मी त्याला आईने बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. चटणीचा पहिला घास खाल्ल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने आणखी मागितली. माझी धाव कशी झाली? गाडीभर अंतराने हरलो. त्या धावेतलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. सुटण्याआधी डावा गुडघा टाकीवर आपटत होता, तेवढं आठवतं. आणि हरून परत आलो तेव्हा तो मेकॅनिक माझ्या प्लगचा रंग बघत उभा होता, न सांगता, आपलंच काम असल्यासारखा.

ही माझी शिदोरी आहे. तिच्या जागी मी तेव्हा 'चेन निसटली म्हणून हरलो' अशी काही गोष्ट ठेवली असती, तर हा माणूस माझ्या आठवणीत उरला नसता. कारण त्याने प्लग बघितला तेव्हा गाडीत काही दोष नव्हता, हे मला दर वेळी लपवावं लागलं असतं. खोट्या गोष्टीत न बसणारं जे जे असतं ते हळूहळू गळून जातं. तुझंही गळायला लागलं असेल. गाडी पार्सल डब्यात चढवतानाचा मावसभाऊ, अण्णांनी बांधून दिलेला तो कागद, सरावाच्या धावेनंतर तुला झालेला आनंद. पत्रात त्या धावेवर तू चार शब्द खर्च केलेस. देशभरातून आलेल्या पोरांसमोर तुझी पहिली धाव 'चांगली गेली', आणि त्याबद्दल चार शब्द!

आता लाल दिवा का लागला ते पाहू. घाबरलास म्हणून, असं तू समजत असशील. मला कारण तुझ्याच पत्रात दिसतं: 'पोरं हात खाली करून स्टार्ट द्यायची.'

हा खेळ अमेरिकेत रुजला तेव्हा तिथेही माणूसच सुरुवात करून द्यायचा, निशाण घेऊन. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए ही संघटना काढली, १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. पावसाने ती अर्धवट राहिली आणि शेवटच्या फेऱ्या नोव्हेंबरात थेट ॲरिझोनातल्या फिनिक्सला झाल्या. निशाणवाल्यासमोर उभे राहणारे शहाणे स्वार निशाण बघायचे नाहीत. ते त्याचा खांदा, गुडघा, श्वास बघायचे. माणूस हलण्याआधी जे हलतं त्यावर सुटायचे. पुढे १९६३ मध्ये तिथे दिव्यांचं झाड आलं, त्याचं नावच 'ख्रिसमस ट्री', आणि खांदा वाचायची सोय संपली. झाडाला खांदा नसतो. एका पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात आणि शेवटच्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. दुसरीत तिन्ही एकदम लागतात आणि चार दशांश सेकंदात हिरवा. स्वार पिवळ्यावर सुटतो, हे खरं. पण किती थांबून सुटायचं हे त्याच्या गाडीच्या आणि हाताच्या वेगावर ठरतं आणि ते झाडासमोरच शिकावं लागतं.

तू बायपासवर नेमकं उलटं शिकलास. मित्राचा हात पडायच्या आधी त्याचा खांदा ढिला होतो, तुझं शरीर त्यावर सुटायला शिकलं. तिथे लवकर सुटल्याबद्दल कुणी बाद करत नाही, उलट वाहवा होते. मग खऱ्या झाडासमोर तुझ्या हाताने तेच केलं, आणि अण्णांनी गाडी चपळ केलेली, तिने लगेच ऐकलं.

त्या बायपासबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. पहाटे पाचला तो रस्ता रिकामा वाटतो. पण उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय जात असते, दूधवाला सायकलवर असतो, पालखीच्या दिवसांत पंढरपूरकडे निघालेले वारकरी कडेने चालत असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर कैद एक वर्षापर्यंत. पण दंडाचं सोड. ज्यांनी तुला गाडी बनवून दिली त्या अण्णांनी उद्या तुझी गाडी तुकड्यांत रस्त्यावरून गोळा करावी, हे मला सहन होत नाही. असं गोळा करताना मी एका मिस्त्रीला पाहिलं आहे. त्या दिवसानंतर त्याने शर्यतीच्या इंजिनाला हात लावला नाही. बायपास आजपासून बंद. यावर मी वाद घालणार नाही.

पुन्हा स्पर्धेला जायचं का? जा. ज्याची गाडी दुसऱ्या धावेत एवढी सुधारली त्याने नाद सोडायचं कारण मला दिसत नाही. फक्त आधी अण्णांशी बोलणं झालेलं हवं आणि गाडी घेऊन जायला त्यांची परवानगी हवी. ते नाही म्हणाले तर एक वर्ष थांब. गाडीची कागदं तुझ्या नावावर असतील, पण इंजिनातली मेहनत त्यांची आहे.

सरावाचं म्हणशील तर अर्धा सराव गाडी चालू न करताही होतो. तीन पिवळे, एक हिरवा, एक लाल अशा एलईडी आणि एक टायमर. वायरिंग शिकलेल्या पोराला एका रविवारचं काम आहे. क्लचच्या लिव्हरला स्विच लाव. पाहिजे तर गाडी मेन स्टँडवर लावून, हेल्मेट आणि हातमोजे घालून बस, कारण हातमोज्यातला हात वेगळा चालतो. रोज वीस वेळा. आकडे वहीत लिहून ठेव. सगळ्यात चांगला आकडा बघू नकोस, वीस आकडे एकमेकांच्या किती जवळ येतात ते बघ. दुसरी गोष्ट, झाडासमोर गाडी लावणं. दोन बीममध्ये अवघं वीतभर अंतर असतं, अठरा सेंटिमीटर. वरचा दिवा लागला की घाईने पुढे सरकायचं नाही. दुसरा लागेल इतकंच, तसूभर. जास्त पुढे गेलास तर चाक बीममधून बाहेर पडायला अंतरच उरत नाही आणि लाल दिवा आणखी जवळ येतो. हे गॅरेजच्या बोळात खडूच्या दोन रेषा मारून, इंजिन बंद ठेवून, पायाने ढकलत करता येतं. खरा वेग मात्र फक्त आयोजकांच्या सरावाच्या दिवशी, मान्यताप्राप्त स्पर्धेत, रुग्णवाहिका उभी असलेल्या ठिकाणी.

आईला काय सांगायचं हे तू विचारलं नाहीस. तिलाही पिस्टनचीच गोष्ट सांगितली असशील, असा माझा अंदाज आहे. भिशी तिने उचलली, हप्ते ती भरते आहे, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या पैशातून. तिला पिस्टनही कळत नाही आणि आरटीही. 'मी लवकर सुटलो' हे मात्र तिला लगेच कळेल. सांगून टाक आणि पुढचे हप्ते तू भर.

एक शेवटचं, आणि याला उशीर करू नकोस. ती चिठ्ठी गुळगुळीत कागदाची असेल, एटीएमच्या पावतीसारखी, तर तिच्यावरची छपाई उष्णतेने उडते. तू ती पाकिटात, खिशात, अंगाच्या उबेत ठेवली आहेस आणि सोलापूरचा उन्हाळा येतो आहे. उद्याच दोन झेरॉक्स काढ. एक तुझ्या वहीत चिकटव, एक आईजवळ दे. मूळ चिठ्ठी अण्णांची आहे.